कामगाराच्या हाती समुद्राचे तिकीट

फ्रान्समधील लहानमोठ्या शहरांतून हिंडताना एक नाव वारंवार नजरेस पडते. कुठे ते क्रीडांगणाला दिलेले असते, कुठे पोहण्याच्या तलावाला, कुठे रस्त्याला, तर कुठे युवक केंद्राला. लिओ लाग्रांज हे ते नाव. हे गृहस्थ पंतप्रधान नव्हते, सेनापती नव्हते, कवी अथवा तत्त्वचिंतकही नव्हते. सरकारात त्यांचे स्थान उपमंत्र्याचे होते आणि ते पदही त्यांना सारे मिळून सुमारे वीस महिनेच लाभले. वयाची चाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ते गेले. तरीही फ्रेंच जनतेने त्यांना विसरू दिलेले नाही. त्याचे कारण शोधू गेल्यास आपण एका साध्या रेल्वे तिकिटापाशी येऊन पोहोचतो. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, त्यांना तो दाखवणारे हे तिकीट होते.

या तिकिटाचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीचा भूमध्य समुद्राचा किनारा डोळ्यांसमोर आणावा लागेल. १९१० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बोटीतून उडी घेतली त्या मार्सेलिस बंदरापासून पूर्वेला इटलीच्या सीमेपर्यंत हा किनारा पसरला आहे. नीस आणि चित्रपट महोत्सवामुळे आपल्याला ठाऊक झालेले कान ही याच किनाऱ्यावरील गावे. निळा किनारा अशा अर्थाचे कोत दाझ्यूर हे नाव त्याला मिळाले ते स्टेफां लिएजार यांच्या १८८७ सालच्या पुस्तकामुळे. परंतु किनाऱ्याची कीर्ती त्याच्याही आधीची. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर हेन्री ब्रूम हे १८३४ साली आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. पटकीच्या साथीमुळे सीमा बंद झाली आणि ते कान या कोळ्यांच्या खेड्यात अडकले. तेथील हवा त्यांना इतकी मानवली की त्यांनी तिथेच बंगला बांधला. मग त्यांच्या मागोमाग इंग्लंडचे उमराव, रशियाचे सरदार, जर्मन राजपुत्र असे सारे येत गेले. १८६३ साली कानला आणि १८६४ साली नीसला रेल्वे पोहोचली आणि ही वाट रुळली. शतकाच्या अखेरीस खुद्द व्हिक्टोरिया राणीही नीसला मुक्कामाला येऊ लागल्या.

हे सारे पाहुणे हिवाळ्यात येत. पॅरिस आणि लंडन धुक्यात बुडाले की इथे ऊन खायला यायचे आणि वसंत सरता सरता परतायचे, हा शिरस्ता होता. उन्हाळ्यात किनारा ओस पडे व हॉटेलांची दारे बंद होत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी धनिक आणि कलावंत आले आणि त्यांनी हा क्रम उलटवला. १९२३च्या उन्हाळ्यात अँतीब येथील एक मोठे हॉटेल त्यांच्यासाठी उघडे ठेवण्यात आले. वाळूत पडून अंग उन्हात भाजून घेण्याची हौस बोकाळली. १९३१च्या सुमारास हॉटेलवाल्यांनी उन्हाळ्यातही धंदा चालू ठेवण्याचे ठरवले. हंगाम बदलला, पण गिऱ्हाईक बदलले नाही. कॅले बंदराहून रिव्हिएराला नेणाऱ्या ब्ल्यू ट्रेन नावाच्या आलिशान गाडीत सुरुवातीला फक्त पहिल्या वर्गाचेच डबे होते. १९२२ साली सुरू झालेली ही गाडी म्हणजे त्या किनाऱ्याचे जणू प्रवेशद्वार होते, आणि त्या दारात उभे राहण्याचीही ऐपत सामान्य माणसाजवळ नव्हती.

अर्थात किनाऱ्यावरच राहणाऱ्या गोरगरिबांना समुद्र परका नव्हता. मार्सेलिसचा गोदी कामगार रविवारी कुटुंबासह शहरातल्या कातालां चौपाटीवर जाई. ज्यांना जमे त्यांनी खडकाळ खाड्यांलगत लाकडी झोपड्या उभारल्या होत्या. सकाळी जायचे, मासळी शिजवायची, लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळायचा आणि सूर्य मावळल्यावर घरी यायचे. एक्सकर्सिओनिस्त मार्सेये ही पायी सहली काढणारी संस्था तर १८९७ सालीच स्थापन झाली होती. १९१० साली पोर-मिऊ या खाडीत दगडाच्या खाणीने डोंगर पोखरायला सुरुवात केली, तेव्हा हेच सहलकरी निषेधासाठी तिथे जमले होते. समुद्रावरचा एक दिवस ही माणसाची चैन नसून गरज आहे, हे मार्सेलिसच्या कष्टकऱ्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. प्रश्न होता तो समुद्रापासून शेकडो कोस दूर, कोळशाच्या धुरात आणि सूतगिरणीच्या घरघरीत जगणाऱ्यांचा.

लिओ लाग्रांज यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९०० रोजी बोर्दो शहरानजीक, जिरोंद खाडीच्या परिसरातील बूर या लहानशा गावी झाला. शिक्षण मात्र पॅरिसमध्ये, आंरी कात्र या नामांकित विद्यालयात झाले. तेथून बाहेर पडताच, १९१७च्या उन्हाळ्यात, वयाची सतरा वर्षेही पुरी झालेली नसताना ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. खंदक, चिखल आणि विषारी वायू यांचे ते युद्ध एका कोवळ्या मुलाने पाहिले. त्या अनुभवाने त्यांच्या पुढील आयुष्याला वळण दिले.

युद्ध संपल्यावर त्यांनी कायद्याचा आणि राज्यशास्त्राचा अभ्यास केला व समाजवादी पक्षात प्रवेश केला. १९२० साली तूर येथील अधिवेशनात हा पक्ष दुभंगला होता. बहुसंख्य सदस्य कम्युनिस्ट झाले होते आणि लिऑं ब्लूम यांच्यासारखे थोडेजण जुन्या घरात उरले होते. लाग्रांज यांनी त्या थोड्यांची बाजू घेतली. १९२२ साली ते पॅरिसमध्ये वकिली करू लागले. त्यांचे अशील कोण होते, हे पाहिले म्हणजे त्यांची दिशा कळते. विषारी वायूने फुप्फुसे जळालेले आणि क्षयाने पोखरलेले माजी सैनिक निवृत्तिवेतनासाठी सरकारदरबारी खेटे घालीत असत. त्यांची बाजू लाग्रांज न्यायालयात मांडू लागले. मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती या गोष्टींची किंमत ज्यांना श्वासागणिक मोजावी लागत होती, अशा माणसांच्या सहवासात या तरुण वकिलाची उमेदीची वर्षे गेली. पक्षाच्या ल पॉप्युलेर या दैनिकातही ते न्यायालयीन विषयांवर लिहीत.

१९२८ साली पॅरिसमधून लोकसभेची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. १९३२ साली मात्र उत्तरेकडील नॉर विभागातील आव्हेन मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. हा भाग बेल्जियमच्या सीमेलगतचा, पावसाळी हवेचा आणि गिरण्या-कारखान्यांचा. याच परिसरात फुर्मी नावाचे लोकरीच्या गिरण्यांचे गाव आहे. १ मे १८९१ रोजी आठ तासांच्या कामाच्या दिवसाची मागणी करणाऱ्या तेथील कामगारांवर लष्कराने गोळीबार केला आणि ९ जणांचे प्राण घेतले. कामानंतर उरणाऱ्या वेळासाठी या मुलखाने रक्त सांडले होते. त्या वेळाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न सोडवण्याचे काम पंचेचाळीस वर्षांनी त्याच मुलखाच्या प्रतिनिधीकडे यावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

मे १९३६च्या निवडणुकीत समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॅडिकल या पक्षांची लोकआघाडी विजयी झाली. ब्लूम पंतप्रधान होण्यापूर्वीच देशभर संपांची लाट उसळली. कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले. यंत्रे थांबली आणि अंगणात अॅकॉर्डियनच्या सुरांवर नाच सुरू झाले. ४ जून रोजी नवे सरकार सत्तेवर आले. पाठोपाठ मालक आणि कामगार संघटना यांच्यात समझोता घडवून वेतनवाढ देण्यात आली. २० जूनच्या कायद्याने प्रत्येक नोकरदाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ४० तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. त्याच महिन्यात जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने भरपगारी रजेसंबंधीचा आपला पहिला करार संमत केला. त्यात किमान सहा दिवसांची रजा सुचवली होती. फ्रान्सने एका पावलात तिच्यापुढे मजल मारली होती. आपल्याकडे प्रौढ कारखाना कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळाली ती १९४८च्या कारखाने कायद्याने.

ब्लूम यांच्या सरकारात एक नवेच खाते निर्माण झाले होते. क्रीडा आणि फुरसतीच्या वेळेचे संयोजन असे त्याचे स्वरूप होते. आरोग्यमंत्री आंरी सेलिए यांच्या हाताखाली उपमंत्री म्हणून पस्तीस वर्षांच्या लाग्रांज यांची नेमणूक झाली. विरोधी वृत्तपत्रांना आयतेच कोलीत मिळाले. त्यांनी या खात्याचे आळसाचे मंत्रालय असे बारसे करून टाकले. माणसाने काम करावे हे पाहणे सरकारचे कर्तव्य, त्याने विश्रांती कशी घ्यावी यात सरकारने नाक का खुपसावे, असा टीकेचा रोख होता. खात्याजवळ पैसा बेताचा होता आणि माणसे मोजकीच होती. त्यात लाग्रांज यांच्या पत्नी मादलेन याही होत्या. पतीच्या कामात त्यांचा बरोबरीचा वाटा होता.

कायद्याने रजा दिली होती, पण रजेत जायचे कुठे? ज्या कामगाराने जन्मात सलग दोन आठवडे घरी काढले नव्हते, त्याला ही रजा म्हणजे बेकारीचीच एक छटा वाटण्याची भीती होती. प्रवासाची सवय नव्हती आणि त्यासाठी पैसाही नव्हता. लाग्रांज यांनी नेमकी ही गाठ हेरली. फ्रान्सची रेल्वे त्या वेळी निरनिराळ्या कंपन्यांकडे होती. भूमध्य समुद्राकडे जाणारा मार्ग पॅरिस-लिऑं-मेदितेराने या कंपनीच्या ताब्यात होता. मंदीमुळे रेल्वे तोट्यात होती आणि आणखी सवलत देण्यास कंपन्या नाखूष होत्या. लाग्रांज यांनी वाटाघाटी करून त्यांना राजी केले. जो माणूस एरवी गाडीत पाऊलच ठेवणार नाही त्याने साठ टक्के भाडे दिले, तर ती कंपनीची हानी कशी, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

ऑगस्ट १९३६च्या आरंभी लोकप्रिय वार्षिक रजा तिकीट सुरू झाले. वर्षातून एकदा कामगार, त्याची पत्नी आणि अज्ञान मुले यांना भाड्यात ४० टक्के सूट मिळू लागली. लोकांनी त्या लांबलचक सरकारी नावाला रजा दिली आणि लाग्रांज तिकीट असे सुटसुटीत नाव रूढ केले. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे साडेपाच ते सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. पुढच्या वर्षी हा आकडा आणखी फुगला.

पॅरिसहून नीस हे अंतर लोहमार्गाने १,००० किलोमीटरांहून अधिक. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात रात्रभर अवघडून बसायचे, आणि पहाटे मार्सेलिस मागे पडल्यावर खिडकीतून पहिल्यांदा ते निळे पाणी दिसायचे. ज्या किनाऱ्याची चित्रे फक्त स्थानकावरच्या जाहिरातफलकांवर पाहिली होती, तो आता समोर होता. हॉटेलांत उतरण्याची ऐपत या प्रवाशांची नव्हतीच. कोणी तंबू ठोकले, कोणी युवक वसतिगृहांचा आसरा घेतला, कोणी दिवसभर वाळूत घालवून संध्याकाळी स्वस्तातल्या खोलीकडे परतले. लाग्रांज यांनी युवक वसतिगृहांच्या चळवळीला सरकारी पाठबळ दिले आणि त्यांची संख्या भराभर वाढली. पाठीवर पिशवी आणि दोघांची मिळून एक जोडसायकल, हे त्या उन्हाळ्याचे चित्र होऊन बसले.

हे चित्र सर्वांनाच रुचले असे नाही. चौपाट्यांवर तेलकट कागद पसरवणारी, डोक्यावर टोपी घातलेली ही गर्दी कोठून आली, अशी कुरकुर प्रतिष्ठित वर्तुळांत सुरू झाली. भरपगारी रजा हा शब्दप्रयोगच त्या माणसांना उद्देशून शिवीसारखा वापरला जाऊ लागला. रजा मिळालेला माणूस नव्हे, तर रजा हेच त्याचे नाव! वास्तविक या तिकिटावर निघालेले सारेच काही रिव्हिएराला गेले नव्हते. पुष्कळांनी गावाकडच्या नातलगांचे घर गाठले, अनेकांनी नॉर्मंडीचा जवळचा किनारा पसंत केला. पैशाअभावी असंख्य कुटुंबे घरीच राहिली आणि सायकलीवरून मार्न किंवा सेन नदीच्या काठी एखादा दिवस काढून परत आली. भूमध्य किनाऱ्यावर कामगारांची खरी रीघ लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा १९३६च्या चौपाट्या कामगारांनी व्यापून टाकल्या होत्या ही समजूत अतिशयोक्तीची आहे. परंतु टीकाकारांना संख्येची भीती नव्हती. जो किनारा आपला असे ते धरून चालले होते, तेथे येण्याचा दुसऱ्या कोणाला हक्क आहे, हा विचारच त्यांना झोंबत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कामगारांना स्वस्तात समुद्रावर नेण्याची कल्पना लाग्रांज यांनी प्रथम काढली असे नाही. मुसोलिनीच्या इटलीत १९३१ पासूनच रविवारच्या सहलींसाठी जनता गाड्या धावत होत्या. मोठी सवलत असे, सकाळी शहरातून निघून समुद्रावर दिवस काढायचा आणि रात्री परतायचे, अशा या गाड्यांना तुफान गर्दी होई. कामगारांची फुरसत सांभाळणारी दोपोलाव्होरो ही सरकारी संघटना तेथे १९२५ पासून होती. हिटलरच्या जर्मनीने तिचाच कित्ता १९३३ साली गिरवला आणि सहलींपासून सागरी सफरींपर्यंत सारे काही आपल्या छत्राखाली आणले. बाल्टिक समुद्राकाठी प्रोरा येथे वीस हजार खाटांच्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या विश्रामगृहाची कोनशिला मे १९३६ मध्येच बसवण्यात आली होती. तेथे एकाच साच्याच्या खोल्या असणार होत्या, आणि समुद्रावर जायचे तेही हुकुमाने.

लाग्रांज यांच्यासमोर हे दोन्ही नमुने होते आणि फ्रान्समध्येही त्या पद्धतीची भुरळ पडलेले लोक कमी नव्हते. त्यांनी तो मार्ग जाणूनबुजून नाकारला. सरकारने दार उघडावे, आत कोणी कसे वागावे हे सांगू नये, हे त्यांचे सूत्र होते. कामगाराची फुरसत ही सरकारची मालमत्ता नाही आणि तरुणांना एका गणवेशात उभे करणे म्हणजे खेळ नव्हे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांनी सहलींची संघटना उभारली नाही, तर हाती तिकीट दिले. त्यावर कुठे जायचे, कोणासोबत जायचे आणि जाऊन काय करायचे, हे प्रवाशाने ठरवायचे होते. दोन देशांतल्या स्वस्त गाड्या वरवर सारख्याच दिसत, पण एकीतून प्रजा प्रवास करीत होती आणि दुसरीतून नागरिक.

खेळाच्या बाबतीतही त्यांचे धोरण हेच होते. काही थोड्या विक्रमवीरांपेक्षा लाखो सामान्यांनी मैदानात उतरावे, असा त्यांचा आग्रह असे. १९३७ साली त्यांनी लोकांसाठी क्रीडा प्रमाणपत्राची योजना आणली. धावणे, उडी मारणे, पोहणे अशा साध्या कसोट्या उत्तीर्ण होणाऱ्या कोणालाही ते मिळे. बर्लिनच्या नाझी ऑलिम्पिकला पर्याय म्हणून जुलै १९३६ मध्ये भूमध्य समुद्राकाठच्याच बार्सेलोना शहरात लोकांचे ऑलिम्पिक भरायचे होते. त्यालाही त्यांचा पाठिंबा होता आणि पॅरिसजवळच्या निवड चाचण्यांना ते स्वतः उपस्थित राहिले. परंतु उद्घाटनाच्या तोंडावरच स्पेनमध्ये लष्करी बंड झाले आणि खेळाडू पोहोचले त्या शहराच्या रस्त्यांवर गोळ्या चालू होत्या. ते सामने कधीच झाले नाहीत.

फ्रान्समध्येही दिवस पालटत होते. जून १९३७ मध्ये ब्लूम सरकार गेले. नव्या मंत्रिमंडळात लाग्रांज कायम राहिले आणि त्यांचे खाते शिक्षणमंत्री जां झे यांच्याकडे जोडले गेले. जानेवारी १९३८ मध्ये समाजवादी सरकारबाहेर पडले. मार्चमध्ये ब्लूम पुन्हा महिनाभरासाठी आले तेव्हा लाग्रांजही परतले, आणि एप्रिलमध्ये तेही पर्व संपले.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. लाग्रांज लोकप्रतिनिधी होते. त्यांनी रणांगणावर जावे अशी सक्ती त्यांच्यावर नव्हती. संसदेत बसून भाषणे केली असती, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र दुसऱ्यांदा स्वेच्छेने सैन्याची वाट धरली आणि तोफखान्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. ९ जून १९४० रोजी एन नदीच्या परिसरात एव्हेर्निकूर या गावी तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांना मृत्यू आला. वय अवघे ३९ वर्षे. पाचच दिवसांनी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या.

यानंतर जे घडले त्यात नियतीचा क्रूर उपहास आहे. पराभूत फ्रान्सवर मार्शल पेतँ यांची विशी राजवट आली आणि पराभवाचे खापर लोकआघाडीच्या माथी फोडण्यात आले. ४० तासांचा आठवडा आणि भरपगारी रजा यांनी देश आळशी केला, म्हणून तो हरला, असा प्रचार सुरू झाला. १९४२ साली रियों येथे ब्लूम आणि इतरांवर खटला भरण्यात आला. आरोपीच्या पिंजऱ्यातून ब्लूम यांनी आपल्या कारकिर्दीचे समर्थन केले. जोडसायकलींवरून शहराबाहेर निघालेली जोडपी त्यांनी न्यायाधीशांना आठवून दिली, आणि काळोख्या आयुष्यांत आपण थोडा प्रकाश आणला याचा आपल्याला खेद नाही हेही त्यांना ऐकवले. बचाव इतका परिणामकारक ठरला की खटला अर्ध्यावरच गुंडाळावा लागला. ज्यांच्या खात्याला आळसाचे मंत्रालय म्हणून हिणवले गेले, ते लाग्रांज तोपर्यंत रणांगणावर कामी आले होते. त्यांचे सहकारी जां झे यांना विशी राजवटीच्या सशस्त्र दलाने कैदेतून बाहेर काढून ठार केले, ते २० जून १९४४ रोजी. भरपगारी रजेचा कायदा झाल्यास त्या दिवशी बरोबर आठ वर्षे पूर्ण होत होती.

युद्धानंतर जुने धागे पुन्हा जुळू लागले. मादलेन लाग्रांज १९४५ साली नॉर विभागातून संविधान सभेवर निवडून गेल्या. फ्रेंच संसदेत प्रथमच बसलेल्या मोजक्या महिलांपैकी त्या एक होत्या. जां झे यांनी योजलेला आणि युद्धामुळे हुकलेला कानचा चित्रपट महोत्सव १९४६ साली भरला. त्यात चेतन आनंद यांच्या नीचा नगर या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिकाचा मान मिळाला. नॉर विभागातीलच पिएर मोरुआ या तरुण शिक्षकाने १९५०च्या दशकाच्या आरंभी लाग्रांज यांच्या नावाने लोकशिक्षणाचे काम करणारी संघटना उभी केली. हेच मोरुआ १९८१ साली पंतप्रधान झाले. १९३६ची दोन आठवड्यांची रजा १९५६ साली तीन आणि १९६९ साली चार आठवड्यांची झाली होती. तिला पाचव्या आठवड्याची जोड १९८२ साली मोरुआ यांच्याच सरकारने दिली.

भूमध्य किनाऱ्यावर समुद्र कोणाचा, हा वाद मात्र मिटलेला नाही. १९८६ च्या किनारा कायद्याने समुद्रतटावर पायी जाण्याचा हक्क सर्वांना दिला. तरीही २०१५च्या उन्हाळ्यात कानजवळच्या व्हालोरिस येथील एक सार्वजनिक चौपाटी सौदी अरबस्तानच्या राजांच्या मुक्कामासाठी बंद करण्यात आली. तेव्हा त्याविरुद्धच्या निवेदनावर लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. दुसरीकडे, गर्दीचेही स्वतःचे प्रश्न आहेत. मार्सेलिसजवळची स्युजितों ही खाडी पर्यटकांच्या पावलांखाली झिजू लागली, म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यात तेथे दिवसाला ४०० जणांनाच प्रवेश देण्याचा नियम झाला. आधी नाव नोंदवावे लागते, पण पैसे मोजावे लागत नाहीत. मर्यादा घातली, तरी ती ऐपत पाहून घातली नाही, एवढे भान त्या नियमात राखले गेले.

लाग्रांज यांचे तिकीटही अद्याप जिवंत आहे. सवलत ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, तिसरा वर्ग १९५६ सालीच इतिहासजमा झाला आणि वेगवान गाड्यांनी रात्रभराचा प्रवास काही तासांवर आणला. स्वस्त विमानांच्या जमान्यात ते तिकीट अनेकांना ठाऊकही नसते. नीसच्या दगडगोट्यांच्या चौपाटीवर दिवसभर पहुडून संध्याकाळी घरचा रस्ता धरणाऱ्या सहलकऱ्याला आपण काही विशेष केले असे वाटत नाही. त्याला तसे वाटू नये, यासाठीच तर लिओ लाग्रांज यांनी ते वीस महिने खर्ची घातले होते.